न मोजलेला गोल

मेंढरांमागं पळून पळून संयोगिता गोरड फुटबॉलपटू झाली, असं पेपरात कितीदा तरी छापून आलं. घरात ते कुणी वाचून दाखवलं की सगळे हसायचे. खरी गोष्ट नेमकी उलटी होती. मेंढरांमागं पळायचा तो तिचा थोरला भाऊ अमृत. संयोगिता पळायला एक नंबरची आळशी. कळपातली दोन-चार मेंढरं फुटून कुणाच्या हरभऱ्याकडं निघाली की अमृत काठी घेऊन ओरडत धावायचा, आणि ही निवांत चालत जाऊन बांधाच्या ज्या फटीतून ती मेंढरं बाहेर पडणार तिथं उभी राहायची. मेंढरं बरोबर तिथंच यायची. अमृत घामानं निथळत पोचायचा तेव्हा ही एका मेंढराला कानाला धरून त्याची वाट बघत असायची. त्याला याचा फार राग यायचा.

गोरड वस्ती म्हसवडच्या पुढं, माण तालुक्याच्या अगदी कडेला. कागदोपत्री सातारा जिल्हा, बाजार मात्र सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीचा. पाऊस दोन्हीकडं नसल्यात जमा. त्यामुळं दिवाळी झाली की संयोगिताचे वडील नानासो दोनशे मेंढरं, एक घोडं आणि सगळा संसार घेऊन कृष्णाकाठाकडं उतरायचे. तिकडचे शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेत आणि धान्य देत. तळ ज्या गावाजवळ पडेल तिथल्या शाळेत संयोगिता आठ-पंधरा दिवस जाऊन बसायची. तिला कुणी शाळेत जा म्हटलं नाही आणि जाऊ नको असंही म्हटलं नाही.

ती बारा वर्षांची असताना तळ पलूसजवळ पडला होता. शेजारी मुलींच्या शाळेचं मैदान होतं. तिथं उमा नावाच्या खेळाच्या बाई नुकत्याच लागल्या होत्या. वय चोवीस, घर सांगलीला विश्रामबागेत, आई-वडील दोघंही कॉलेजात शिकवणारे. उमा स्वतः कॉलेजात फुटबॉल खेळलेली, आणि मुलींचा संघ काढायचाच असं तिनं मनाशी घेतलं होतं. त्या दिवशी एक मुलगी आली नव्हती. बांधावर बसून बघणाऱ्या संयोगिताला तिनं हाक मारली.

संयोगिताला नियम माहीत नव्हते, पायात काही नव्हतं. बाकीच्या मुली चेंडूभोवती घोळका करून धावत होत्या. ही गोलाच्या तोंडाशी उभी राहिली आणि तासाभरात तिनं तीन गोल केले, तिन्ही दोन हातांच्या अंतरावरून. उमानं तिला जवळ बोलावून विचारलं, चेंडू तिथं येणार हे तुला कसं कळलं?

"दुसरीकडं कुठं येनार?" संयोगिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उमा तळावर आली. पोरीला सांगलीच्या वसतिगृहात ठेवा, शाळेचं आणि खेळाचं मी बघते, असं तिनं नानासोंना सांगितलं. नानासोंनी तिला घोंगडीवर बसवलं, दूध दिलं आणि नाही म्हणून सांगितलं. पोरगी वयात येईल, परक्या गावात तिला कोण बघणार, आणि कोकरांकडं कोण बघणार, अशी त्यांची कारणं होती. उमा प्रत्येक कारणाला उत्तर देत राहिली. संयोगिताची आई, बयाबाई, चुलीपाशी बसून हे ऐकत होती. ती उठून आली.

"बाई, तिथं रोज एकाच जागी झोपाया मिळंल का तिला?" तिनं विचारलं.

उमा म्हणाली, मिळेल.

"मग न्या."

नानासो बायकोकडं बघत राहिले. त्यांच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि रोज एकाच जागी झोपण्याची हौस बयाबाईला आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सांगलीत संयोगिताचं बस्तान बसायला वर्ष गेलं. मुली तिच्या बोलण्याला हसायच्या, ती त्यांच्या पळण्याला. उमा तिला दर रविवारी घरी जेवायला न्यायची, आणि उमाचे वडील चिंतामणराव तिला गणित शिकवायचे. गणितात ती बेताचीच राहिली. मैदानावर मात्र एकेक पायरी चढत गेली, जिल्हा, विभाग, मग महाराष्ट्र. विश्रामबागेतल्या कॉलेजात असताना तिला भारताच्या शिबिराचं पत्र आलं. तिथं पहिल्यांदा तिला पळायला लावलं गेलं. एका शिक्षकानं तिला स्पष्ट सांगितलं की तुझी जागा हेरायची नजर देवानं दिली आहे, पण फुप्फुसं तुलाच कमवावी लागतील. सहा महिने ती रोज सकाळी ओकेपर्यंत धावली. घरी फोनवर सांगितलं तेव्हा अमृतला झालेला आनंद लपत नव्हता.

भारताकडून ती चार वर्षं खेळली. परदेशातल्या एका स्पर्धेत तिनं दोन गोल केले. त्याची चित्रफीत फिरत फिरत आइसलंडच्या उत्तरेकडच्या एका छोट्या बंदरगावापर्यंत पोचली. तिथल्या क्लबला स्ट्रायकर हवी होती. संयोगिता तेव्हा सव्वीस वर्षांची होती. बयाबाईनं दोन स्थळं बघून ठेवली होती. नानासोंनी नकाशावर तो देश शोधायला लावला, बोटानं म्हसवडपासून तिथपर्यंतचं अंतर मोजलं आणि तिथं मेंढरं आहेत का एवढंच विचारलं. आहेत, माणसांपेक्षा जास्त आहेत, असं अमृतनं मोबाईलवर बघून सांगितलं. मग काय काळजी न्हाई, असं म्हणून ते बाजाराला गेले.

गाव अडीच हजार वस्तीचं. एक बंदर, एक मासळीचा कारखाना, एक शाळा आणि डोंगराच्या पायथ्याला मैदान. क्लबमधल्या सगळ्याच मुली दुसरं काहीतरी काम करायच्या. संयोगिता सकाळी कारखान्यात मासे पॅक करायची आणि दुपारी सरावाला जायची. जन्मात माशाला हात न लावलेली पोर, पहिला महिनाभर तिला जेवण गोड लागलं नाही. राहायला तिला सिग्रून नावाच्या बाईकडं जागा मिळाली. सिग्रून साठीची, उंच, हाडापेरानं मजबूत, कमी बोलणारी. गावाबाहेर तिची मेंढरं होती आणि क्लबची बस तीच चालवायची. तिकडं थोरामोठ्यांनाही नावानंच हाक मारतात. आईच्या वयाच्या बाईला 'सिग्रून' म्हणताना संयोगिताची जीभ अडखळायची. मावशी म्हणू का, असं तिनं एकदा विचारलं. सिग्रूननं तो शब्द दोनदा म्हणून बघितला आणि मान हलवली. पुढं दोघींत तेच नाव चाललं.

पहिल्या वर्षी तिनं अकरा गोल केले. दुसऱ्या वर्षी संघातल्या तिघी जायबंदी झाल्या, हंगाम बिघडत गेला आणि सप्टेंबरातल्या शेवटच्या सामन्यापर्यंत पाळी अशी आली की जिंकलं तरच त्या गटात टिकायचं, नाहीतर खालच्या गटात जायचं. सामना परगावी होता. वारा असा की गोलकीपरनं मारलेला चेंडू तिच्याकडंच परत यायचा. एक-एक अशी बरोबरी होती आणि शेवटची चार मिनिटं राहिली होती. कॉर्नर मिळाला. संयोगिता नेहमीसारखी जिथं उभं राहायचं तिथं उभी होती. गर्दीतून चेंडू आला, तिच्या दंडावर आदळला आणि गोलात गेला.

सगळ्या तिच्या अंगावर येऊन पडल्या. पंच बाईंनी गोल दिला होता. समोरच्या संघानं आरडाओरडा केला, तेव्हा त्या चालत संयोगिताकडं आल्या. त्यांच्यासमोर गर्दी होती, त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी तिला शांतपणे विचारलं, हाताला लागला का?

संयोगिताला ती भाषा तेव्हा मोडकीतोडकीच येत होती. कारखान्यातल्या मुकादमानं जादा काम सांगितलं की न कळल्याचं सोंग तिला छान जमायचं. इथंही तेच करता आलं असतं. कुणी तिला दोष दिला नसता. पण प्रश्न तिला कळला होता, आणि उत्तर तोंडातून निघूनही गेलं. ती हो म्हणाली आणि दंडावर बोट ठेवलं.

आपण तसं का केलं, याचा तिनं पुढं पुष्कळ विचार केला. फार मोठं काही कारण तिला कधी सापडलं नाही. खोटं बोलायला भाषा चांगली यावी लागते, मला ती येत नव्हती, असं ती नंतर थट्टेनं म्हणायची.

गोल रद्द झाला, सामना बरोबरीत सुटला आणि संघ खालच्या गटात गेला. परतीचा प्रवास साडेतीन तासांचा. बसमध्ये कुणी तिला काही बोललं नाही, आणि तेच जड गेलं. प्रशिक्षक खिडकीबाहेर बघत होता. कॅप्टन दोन ओळी पुढं डोळे मिटून बसली होती, पण झोपलेली नव्हती. घरी पोचल्यावर सिग्रूननं तिच्यापुढं मटणाचं सूप ठेवलं आणि उद्या पहाटे उठायचं आहे, मेंढरं उतरणार आहेत, एवढंच सांगितलं.

तिकडं उन्हाळाभर मेंढरं डोंगरात मोकळी सोडतात आणि सप्टेंबरात सगळं गाव मिळून ती खाली आणतं. एका मोठ्या गोल वाड्यात हजारो मेंढरं कोंडतात. मग कानाच्या खुणा बघून ज्यानं त्यानं आपापली ओढून आपल्या कप्प्यात न्यायची. संयोगिता वाड्यात शिरली आणि तिला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. वस्तीवरही मेंढरांच्या कानाला अशाच खाचा असायच्या. सिग्रूनची खूण तिनं एकदा बघितली, तेवढी पुरे झाली. दुपारपर्यंत तिनं इतकी मेंढरं वेगळी केली की शेजारचे लोक हातातलं काम थांबवून बघू लागले.

एक दांडगा एडका मात्र तिला आवरेना. तिनं एका शिंगाला धरलं, तोवर दुसरं शिंग कुणीतरी पकडलं. ती कॅप्टन होती. तिच्या वडिलांचीही मेंढरं त्या वाड्यात होती. दोघी थोडा वेळ नुसत्या ओढत राहिल्या.

"बाबा म्हणतात तू बरोबर केलंस," कॅप्टन म्हणाली. "मला अजून तसं वाटत नाही. पण शिंग नीट धर."

त्या हिवाळ्यात राजधानीतल्या एका मोठ्या क्लबनं संयोगिताला बोलावलं. ती गेली नाही. लोकांना वाटलं, संघ खाली गेला त्याची भरपाई करायला थांबली. तिला तसं काही वाटत नव्हतं. त्या गावात तिची एक खोली होती, खिडकीतून मेंढरं दिसायची, सरावाला चालत जाता यायचं. संघ वर न्यायचा राहिला होता, आणि काम अर्धं टाकून जाणं तिला बरं दिसेना. खालच्या गटात दोन वर्षं गेली. दुसऱ्या वर्षी तिनं एकोणीस गोल केले आणि संघ वर गेला. शेवटच्या सामन्यानंतर कॅप्टननं तिला सगळ्यांसमोर खांद्यावर उचललं आणि चिखलात पाडलं.

पुढची तीन वर्षं ती वरच्या गटात खेळली. तेहतिसाव्या वर्षी तिच्या ध्यानात आलं की जागा तिला अजून दिसते, पण तिथं पोचेपर्यंत दुसरं कुणीतरी येऊन गेलेलं असतं. सतरा वर्षांची एक पोरगी तिच्या जागी चांगली खेळू लागली होती. त्या हंगामात संयोगिताचे गोल झाले चार. तिनं कुणी सांगायची वाट बघितली नाही. शेवटच्या सामन्यात दहा मिनिटं असताना तिनं स्वतःच खूण केली, त्या पोरीला आत घेतलं, बाहेर येऊन बाकावर बसली आणि बूट सोडले. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आली ती भूक.

सांगलीत परत आल्यावर तिनं मुलींच्या क्रीडा वसतिगृहात प्रशिक्षकाची नोकरी धरली. जत, आटपाडी, माण, शिराळा, कुठून कुठून मुली तिथं येतात. विश्रामबागेत भाड्याचं घर घेतलं, उमाताईंच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडं. लोक विचारायचे, तिकडंच का राहिली नाही? ती म्हणायची, तिकडं खेळायला गेले होते, खेळून झालं. नानासोंनी तेवढंही विचारलं नाही. पण पोरगी काहीतरी मनात घेऊन आली असेल, संघ तिच्यामुळं कधी हरला असेल, अशी एक शंका त्यांच्या डोक्यात होती. संघ एकदा खाली गेला होता एवढं त्यांना ठाऊक होतं. का गेला, हे तिनं घरी कधीच सांगितलं नव्हतं.

यंदा फेब्रुवारीत सिग्रून आली. आयुष्यात पहिल्यांदाच ती युरोपाबाहेर पडली होती. दोन दिवस सांगलीत काढले आणि मला मेंढरं दाखव म्हणाली. संयोगिता तिला गाडीनं वस्तीवर घेऊन गेली. आता नानासो मेंढरं घेऊन खाली उतरत नाहीत. गुडघे दुखतात, आणि तलावाचं पाणी आल्यापासून अमृतनं डाळिंब लावलं आहे. पण साठ-सत्तर मेंढरं अजून आहेत.

नानासो आणि सिग्रून एकमेकांना नमस्कार करून वाड्यापाशी गेले. सिग्रूननं एका मेंढीचा जबडा धरून दात बघितले. नानासोंनी तिच्या हाताकडं बघितलं. हात जाणत्याचा होता. त्यांनी कानाची खाच दाखवली. सिग्रूननं काठीनं मातीत आपली खूण काढून दाखवली. मग ते दोघं तासभर त्या साठ मेंढरांतून फिरले. संयोगिता दुभाषी म्हणून बरोबर होती, पण तिला कुणी काही विचारलंच नाही.

दुपारी बयाबाईनं बाजरीची भाकरी आणि मटणाचा रस्सा केला. तिखट कमी घातलं होतं, तरी सिग्रूनच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. जेवणं होत आल्यावर ती बोलू लागली. सहसा न बोलणारी बाई, पण त्या दिवशी बोलत सुटली. शेवटचा सामना, वारा, चार मिनिटं, दंडाला लागलेला चेंडू, पंचांचा प्रश्न, बस. गावात त्या हिवाळ्यात घरोघरी याच गोष्टीवर वाद झाले, म्हणाली. आणि आता शाळेत पोरं खेळताना भांडली की मास्तर हीच गोष्ट सांगतात. सगळं बोलून तिनं संयोगिताकडं बघितलं.

"संघ खाली गेला हुता एकदा, त्याचं सांगतीया," संयोगिता म्हणाली.

बयाबाईनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"ती एवढं लांबलचक बोलली आन् तू दोनच शब्द सांगितलंस. नीट सांग."

मग सांगावं लागलं. स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडानं करायचं, तेही आई-बापापुढं, तिला फार अवघड गेलं. मधेच ती थांबली की बयाबाई सिग्रूनकडं बघायची आणि सिग्रून अजून आहे अशी मान हलवायची. सगळं सांगून झालं. अमृतच्या बायकोनं ताटं उचलली. नानासो हात धुवायला उठले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संयोगिता वाड्यापाशी उभी होती. नानासो येऊन शेजारी उभे राहिले.

"संयू, चार मिनिटं राहिली हुती म्हनलीस न्हवं?"

"व्हय, नाना."

"मग दुसरा गोल का न्हाई केलास?"

"मारला हुता. खांबाला लागला."

"खांबाला लागला म्हंजी नेम बरुबर हुता," ते म्हणाले. "वारं आडवं आलं आसंल." मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. याआधी त्यांनी कधी असं केल्याचं तिला आठवेना. थोड्या वेळानं अमृतनं मोटर चालू केली, पाणी कुठंतरी फुटलं म्हणून हाक दिली आणि नानासो तिकडं गेले.

शनिवारी आटपाडीच्या बाजारात त्यांनी ही गोष्ट तीन जणांना सांगितली, असं नंतर अमृतनं कळवलं. त्यांच्या सांगण्यात वारा पुष्कळच वाढला होता.

वस्तीवरून सांगलीला परतताना संयोगितानं भिवघाटात चहाला गाडी थांबवली. सिग्रूनच्या पायाशी बयाबाईनं दिलेली घोंगडी होती, हातात काचेचा ग्लास. ऊन चांगलं चढलं होतं आणि सिग्रूनचं नाक लाल झालं होतं. खेळायची आठवण येते का, असं तिनं विचारलं.

"गुडघ्याला नाही येत," संयोगिता म्हणाली. "मला येते कधीकधी, पाऊस पडला की. मग मुलींचा सराव घ्यायला जाते."

सिग्रूननं मान हलवली आणि चहा चांगला आहे म्हणाली. संयोगितानं अजून दोन सांगितले.